संगमरवर राखला, चाल हरवली

शास्त्रीय संगीत जात ओळखत नाही, वर्ण ओळखत नाही, सुराला धर्म नसतो, असे आपल्याला शाळेपासून ऐकवण्यात आले आहे. ऐकवणारे बहुधा पुढच्या रांगेत बसलेले असतात. सुराला जात नसेलही. पण सूर ज्या घरात ठेवला जातो त्या घराला दरवाजा असतो, दरवाजावर माणूस उभा असतो आणि कोणाला आत सोडायचे हे त्याला नेमके ठाऊक असते. म्हणून संगीताची समीक्षा करताना केवळ रागाची, लयीची आणि गायकीची चर्चा करून भागत नाही. घराचीही समीक्षा करावी लागते. ते घर कोणी बांधले, कोणाच्या पैशाने बांधले, कोणी झाडले, आणि तिथे काय जपले गेले व काय फेकून दिले गेले, हे विचारावे लागते.

हा विचार माझ्या मनात आपल्याकडच्या एखाद्या संगीत संमेलनात नव्हे, तर अमेरिकेतल्या एका बेटावर पक्का झाला. माझी मुलगी बॉस्टनजवळ राहते. तिच्याकडे गेलो असताना जुलै महिन्यात एका संध्याकाळी ती मला दीड तासावरच्या न्यूपोर्ट या गावी घेऊन गेली. ऱ्होड आयलंड राज्यातल्या नॅरागॅन्सेट उपसागरात अक्विडनेक नावाचे बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाला हे गाव. दीडशे वर्षांहून अधिक काळ अमेरिकेतल्या धनिकांचे समुद्रकाठचे उन्हाळी ठिकाण म्हणून ते प्रसिद्ध आहे. तिथे १९६९ पासून दर उन्हाळ्यात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो मोठ्या नाट्यगृहात न भरता जुन्या धनिकांच्या महालांतल्या दिवाणखान्यांत भरत आला आहे. चार-पाच वादकांनी एकत्र बसून वाजवायचे संगीत, ज्याला तिकडे चेंबर म्युझिक म्हणतात, ते मुळात दिवाणखान्यासाठीच रचलेले. तेव्हा दिवाणखान्याचे संगीत दिवाणखान्यात ऐकावे, अशी या महोत्सवामागची कल्पना.

आम्ही ज्या महालात बसलो होतो त्याचे नाव ‘द ब्रेकर्स’. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या व्हँडरबिल्ट घराण्यातल्या कॉर्नेलियस दुसरा याने १८९३ ते १८९५ या काळात तो बांधून घेतला. सत्तर खोल्या. मधला दिवाणखाना पन्नास फूट उंच. मागे समुद्र. उन्हाळ्यातले काही आठवडे राहण्यासाठी बांधलेले हे घर, आणि धनिक मंडळी अशा महालांना ‘कॉटेज’, म्हणजे झोपडी म्हणत! आपल्याकडचे काही कवी स्वतःला विनयाने ‘दास’ म्हणवून घेतात आणि घरी गडी ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

त्या संध्याकाळी द्वोराक या चेक संगीतकाराची ‘अमेरिकन’ म्हणून ओळखली जाणारी रचना वाजली. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. वादन फार चांगले झाले, हे मी आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या भागातली ती संथ, विव्हळ धून सुरू झाली तेव्हा मी डोळे मिटले होते. पाश्चात्त्य संगीताचे शास्त्र मला येत नाही. पण दुःख ऐकू येण्यासाठी शास्त्र लागत नाही. सौंदर्य नाकारून समीक्षा करणे सोपे असते. मला ते करायचे नाही. ते सौंदर्य खरे होते, म्हणूनच पुढचा प्रश्न टाळता येत नाही.

प्रश्न असा, की हे विव्हळणे कोणाचे?

द्वोराक १८९२ साली न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक म्हणून अमेरिकेत आला. जेनेट थर्बर या बाईंनी चालवलेल्या त्या संगीतशाळेत काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश होता. त्यांतला हॅरी बर्ले हा तरुण द्वोराकच्या घरी जाऊन त्याला गुलामांची भजने गाऊन दाखवत असे. ती ऐकून १८९३ साली द्वोराकने जाहीरपणे सांगितले की, अमेरिकेच्या भावी संगीताचा पाया काळ्या लोकांच्या चालींवरच घातला पाहिजे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने ही ‘अमेरिकन’ रचना केली. ती त्याने काळ्यांच्या चालींतून उचलली असे मी म्हणत नाही. अभ्यासक त्यावर वाद घालतात, त्यांनी घालावा. मी फक्त सालाकडे बोट दाखवतो. अमेरिकेचे संगीत काळ्यांच्या गळ्यात आहे, असे एक परका माणूस ज्या वर्षी सांगत होता, त्याच वर्षी या महालाचे बांधकाम सुरू झाले होते.

आणि त्याच काळात, न्यूपोर्टपासून फार दूर नसलेल्या प्रॉव्हिडन्स शहरात वाढलेली सिसिएरेटा जोन्स ही काळी गायिका गात होती. १८९२ साली न्यूयॉर्कच्या आजच्या कार्नेगी हॉलमध्ये ती गायली. व्हाइट हाउसमध्ये गायली. १८९४ च्या जानेवारीत खुद्द द्वोराकच्या संचालनाखाली गायली. आवाज ऑपेराचा, शिक्षण ऑपेराचे. पण ऑपेराच्या रंगमंचावर तिला कोणी उभे केले नाही. तिला ‘ब्लॅक पॅटी’ म्हणत, म्हणजे गोऱ्या पॅटी या गायिकेची काळी प्रत. स्वतःचे नावसुद्धा पोस्टरवर दुसरीच्या आधाराने! १८९६ पासून तिने स्वतःच्या फिरत्या मंडळीबरोबर वर्षानुवर्षे दौरे केले. त्यांत आधी विनोद, नाच, नकला, आणि शेवटी थोडे ऑपेरातले गाणे. १९३३ साली ती प्रॉव्हिडन्समध्ये गरिबीत वारली. तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला २०१८ साल उजाडले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिली काळी गायिका, मरियन अँडरसन, १९५५ साली उभी राहिली. हे साल लक्षात ठेवा. सूर वर्ण ओळखत नाही असे म्हणणाऱ्यांना ते विचारता येईल.

आता बेटाकडे वळू. महाल हा न्यूपोर्टचा दुसरा अध्याय आहे. पहिला अध्याय गुलामांच्या व्यापाराचा आहे. १७०९ ते १८०७ या काळात ऱ्होड आयलंडच्या व्यापाऱ्यांनी आफ्रिकेकडे ९०० हून अधिक सफरी धाडल्या आणि १,००,००० हून अधिक माणसे गुलाम म्हणून वाहून आणली. त्यांत न्यूपोर्ट बंदराचा वाटा सर्वांत मोठा. वेस्ट इंडीजमधून काकवी आणायची, न्यूपोर्टच्या भट्ट्यांत तिची रम गाळायची, ती रम आफ्रिकेत देऊन माणसे घ्यायची, ती वेस्ट इंडीजच्या मळ्यांत विकायची आणि पुन्हा काकवी आणायची. असा तो फेरा. गुलामगिरी म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेचे पाप, असे आपण पुस्तकांतून शिकलो. उत्तरेने आपला हात पदराखाली ठेवला होता, एवढेच.

या फेऱ्यात १७६० च्या सुमारास एक चौदा वर्षांचा मुलगा न्यूपोर्टला आला. त्याचे नाव ऑक्रामार मारिकू. केलेब गार्डनर नावाच्या व्यापाऱ्याने त्याला घेतले आणि गावाचे नाव व मालकाचे आडनाव जोडून त्याचे नाव ठेवले न्यूपोर्ट गार्डनर. हा मुलगा इंग्रजी लिहायला-वाचायला शिकला. पाश्चात्त्य संगीताची स्वरलिपी शिकला. १७९१ साली सोबत्यांबरोबर घेतलेल्या सोडतीच्या तिकिटाला बक्षीस लागले, त्या पैशातून त्याची आणि त्याच्या कुटुंबाची सुटका झाली. एका घराची माडी भाड्याने घेऊन त्याने गायनशाळा चालवली. त्याच्या विद्यार्थ्यांत त्याची जुनी मालकीणही होती, अशी नोंद आहे. मालकीण शिष्या आणि गुलाम गुरू! १७८० साली न्यूपोर्टमध्ये काळ्यांनी काढलेल्या आफ्रिकन युनियन सोसायटीच्या कामात तो होता, काळ्या मुलांच्या शाळेच्या कामात होता. १८२६ च्या जानेवारीत, ऐंशीच्या घरात असताना, तो बॉस्टनहून जहाजात बसून लायबेरियाला गेला आणि त्याच वर्षी तिथे वारला. जाताना जे गायले गेले ते त्याने स्वतः रचलेले समूहगीत होते. बायबलमधल्या, बंदिवासातून परतण्याच्या वचनांवर बेतलेले. त्याचे नाव ‘प्रॉमिस’.

त्या गीताचे शब्द आज मिळतात. चाल मिळत नाही.

मी हे वाचले तेव्हा बराच वेळ पुढे वाचवले नाही. हा माणूस स्वरलिपी लिहू शकत होता. म्हणजे चाल लिहिली गेली नाही म्हणून हरवली, असे म्हणण्याची सोय नाही. ती कोणी राखली नाही म्हणून हरवली. याच बेटावर महालांचा संगमरवर राखला गेला आहे. न्यूपोर्टचा वारसा जपणारी संस्था १९४५ साली स्थापन झाली. ‘द ब्रेकर्स’ १९४८ पासून लोकांना पाहायला खुला आहे. ‘मार्बल हाउस’ नावाच्या दुसऱ्या महालात ५,००,००० घनफूट संगमरवर आहे आणि त्यातला इंच न् इंच पुसला जातो. संस्कृती काय निर्माण करते यावरून तिची परीक्षा अर्धीच होते. ती काय जपते आणि काय हरवू देते यावरून उरलेली अर्धी होते. पहिल्या परीक्षेत न्यूपोर्टला चांगले गुण मिळतात. दुसरीचा निकाल मी वर लिहिला आहे.

इथे कोणी म्हणेल, महोत्सव १९६९ चा. अठराव्या शतकाचा हिशेब त्याच्याकडे का मागता? मागायचे कारण असे की, शास्त्रीय संगीत या बेटावर महालांबरोबर आले आणि महालांतच रुजले, अशी समजूत या जागेतूनच तयार होते. भिंती बोलतात. सोनेरी छत सांगते की हे संगीत आमचे. प्रत्यक्षात, व्हँडरबिल्टचा महाल बांधला जाण्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी या गावात स्वरलिपीनिशी संगीत शिकवणारा एक मास्तर होता आणि तो काळा होता. हे एकदा मान्य केले की महालाचा मालकीहक्क गळून पडतो.

महालातही दोन जग होतेच. ‘द एल्म्स’ हा कोळशाच्या खाणींचा धनी बेरविंड याचा महाल, १९०१ सालचा. तिथे नोकरांच्या खोल्या तिसऱ्या मजल्यावर, पण खालून दिसू नयेत म्हणून कठड्याआड दडवलेल्या. कोळसा जमिनीखालच्या बोगद्यातून यायचा, म्हणजे पाहुण्यांना काळे हात दिसायला नकोत. १९०२ साली या महालातल्या नोकरांनी सुट्टीच्या हक्कासाठी काम थांबवले. मालकाने सगळ्यांना काढून टाकले. गावकुसाबाहेरची वस्ती आपण ओळखतो. इथे गावकूस घराच्या आत, छताखाली आणि तळघरात होते.

याच बेटावर संगीताची दुसरी वाटही आहे, आणि ती पाहिल्याशिवाय पहिलीचा अर्थ लागत नाही. १९५४ साली इथेच जाझचा महोत्सव सुरू झाला. जाझ म्हणजे काळ्यांनी घडवलेले संगीत. दुसऱ्या वर्षी आयोजकांनी तो एका महालाच्या आवारात घ्यायचे ठरवले तेव्हा शेजारच्या बंगलेवाल्यांनी हरकत घेतली. महोत्सव गावातल्या खेळाच्या मैदानावर गेला. युरोपचे संगीत दिवाणखान्यात, काळ्यांचे मैदानात! १९६० साली तिकिटाविना बाहेर राहिलेल्या, दारू प्यालेल्या गोऱ्या तरुणांनी दंगल केली. पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. दंगल गोऱ्यांची, पण नगरपालिकेने बंद केले ते वादकांचे कार्यक्रम. त्याच दिवसांत चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच या दोघा काळ्या वादकांनी समुद्रकड्यावरच्या एका हॉटेलात स्वतःचा बंडखोर महोत्सव भरवला. व्यवस्थापन त्यांचे, पैशाचा हिशेब त्यांचा. आपल्याकडे विद्रोही साहित्य संमेलने भरली त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. प्रस्थापितांचा मंडप नाकारला की आपला मंडप स्वतः ठोकावा लागतो, हे त्यांनाही कळले होते.

न्याय म्हणून हेही नोंदवले पाहिजे. महोत्सव चालवणारी संस्था आता न्यूपोर्ट क्लासिकल या नावाने ओळखली जाते. २०२१ पासून ती दर वर्षी एक नवी रचना करवून घेते, आणि ती स्त्री, कृष्णवर्णीय, मूळनिवासी किंवा अन्य गोरेतर रचनाकाराकडून. शॉन ओक्पेबोलो, कर्टिस स्टुअर्ट अशी नावे त्यांत आहेत. याला मी दिखावा म्हणणार नाही. दार उघडणे ही गोष्ट लहान नसते. १९६९ साली उघडायला हवे होते ते बावन्न वर्षांनी उघडले, एवढेच म्हणतो. शिवाय दार उघडणे आणि घराचा इतिहास सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी ऐकले त्या संध्याकाळी निवेदनात महालाच्या छताचे, झुंबरांचे कौतुक झाले. न्यूपोर्ट गार्डनरचे नाव आले नाही.

आता आपल्याविषयी. जाती आणि वर्ण एकच नव्हेत. त्यांची रेषेला रेष जुळवू नये. पण नाते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची चौकशी केली होती. म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांच्या लेखनातून निग्रो साहित्य आपल्या पिढीपर्यंत आले. १९७२ साली पँथर हे नाव आपण तिकडूनच घेतले. कविता घेतली, नाव घेतले. संगीताचा प्रश्न मात्र आपण नीट घेतला नाही. मी तर मुळीच घेतला नाही.

माझे वडील हलगी वाजवत. आमची जात मांग, आणि हलगी हे त्या जातीला लावून दिलेले काम. एकदा तालुक्याच्या गावी संगीत संमेलन भरले होते. पाहुण्यांना एस.टी. स्टँडपासून मंडपापर्यंत वाजवत न्यायला वडिलांच्या ताफ्याला बोलावले. मंडपाच्या दारात हलगी थांबली. आत तबलावादन सुरू झाले. आतल्या तबल्यावर कातडे, बाहेरच्या हलगीवरही कातडेच. वडील कनातीला टेकून उभे होते आणि त्यांची बोटे मांडीवर आतला ताल धरत होती. मी तेव्हा शाळेत होतो. ती बोटे मला अजून दिसतात.

पुढे १९७० नंतरच्या भारलेल्या दिवसांत मी चळवळीत आलो. जातीने लादलेली कामे सोडा, हा आमचा घोष होता, आणि तो बरोबर होता. मयताच्या पुढे, देवीच्या पुढे, पाटलाच्या वरातीपुढे वाजवायचे आणि लांबून टाकलेली भाकरी झेलायची, यात कला कुठे शोधायची? मी वडिलांना म्हणालो, ‘‘आता हलगी बंद.’’ ते म्हणाले, ‘‘तू शिकलायस. न्हाई म्हणतोस तर न्हाई वाजवत. पर ह्या हातांचं काय करू?’’ मी उत्तर दिले नाही. हलगी मी चुलीत घातली. लग्नाचा ठेका वेगळा, मिरवणुकीचा वेगळा, मयताचा वेगळा. कोणता कुठे मोडायचा, कुठे सावरायचा, हे सगळे त्यांच्या हातांत होते. ते वारले आणि सगळे गेले. एक ध्वनिफीत नाही, एक ओळ नाही.

न्यूपोर्ट गार्डनरची चाल त्या बेटाने हरवली, असे मी वर मोठ्या तोऱ्यात लिहिले. माझ्या वडिलांची चाल कोणी हरवली? व्यवस्थेने, हे खरे. पण तिच्या हातात काडी मी दिली. लादलेले काम आणि त्या कामात माणसाने आपल्या हिमतीने घडवलेली विद्या, यांतला फरक मला तेव्हा कळला नाही. काम नाकारायचे होते, विद्या राखायची होती. आम्ही दोन्ही एकाच चुलीत घातले.

आपल्या चळवळीत या बाबतीत दोन टोके दिसतात. एक म्हणते, शास्त्रीय संगीत ब्राह्मणी आहे, तिकडे फिरकू नका. दुसरे म्हणते, लोकवाद्ये ही गुलामीची खूण आहे, ती मोडा आणि सभ्य व्हा. दोन्हींना बाबासाहेबांचे एक उदाहरण पुरे आहे. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. ज्ञान असो की सूर, तो कोणाच्या बापाची मालमत्ता नाही, असेच त्यांनी आयुष्यभर मानले. गार्डनरने मालकांची स्वरलिपी घेतली आणि तिच्यात आपल्या लोकांच्या सुटकेचे गाणे लिहिले. याला मी विद्रोह म्हणतो.

पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो. गावोगावी तशी संमेलने भरतात. तिथे तिकीट काढून बसण्याचा हक्क आपल्याला आहे, शिकण्याचा आहे, मंचावर बसण्याचाही आहे, आणि वाद्याचे कातडे कोण कमावतो, हे विचारण्याचाही आहे. पण त्याआधीचे एक काम आपल्याच हातात आहे. आपापल्या गावातले हलगीवाले, सनईवाले, संबळवाले, जलशांत गायलेली म्हातारी माणसे अजून काही उरली आहेत. त्यांची नावे लिहा. ते काय वाजवतात, कोणाकडून शिकले, ते ध्वनिमुद्रित करा. आज प्रत्येकाच्या खिशात त्यासाठीचे यंत्र आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हा अभ्यास लावावा. यासाठी महाल लागत नाही, अनुदानही लागत नाही.

परतताना समुद्र डाव्या-उजव्या हाताला काळोखात होता. मुलीने विचारले, ‘‘बाबा, आजोबा कसं वाजवायचे?’’ मी गाडीच्या दारावर बोटांनी ठेका धरून पाहिला. चार मात्रांपुढे मला तो आठवला नाही.